म्हशीच्या कोंडीपलीकडे

आमच्या मामेसासऱ्यांइतका दमवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी उभं आयुष्य मुंबईच्या उपनगरात काढलं आहे, तेव्हा या विषयात मला थोडाफार अधिकार आहे असं समजायला हरकत नाही. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी उठायचं, पिंप भरायचं, वाकोल्याहून निघून अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या पंख्यांच्या कारखान्यात पोचायचं, दिवसभर माल रवाना करायच्या खात्यात उभं राहून खोक्यांवर पत्ते चिकटवून घ्यायचे आणि संध्याकाळी गेलो त्याच धुळीतून परत यायचं, हे मी वर्षानुवर्षं करत होतो. पण ते दमणं पायांचं. पाय उशीवर ठेवले की उतरायचं. मामा माणसाला कानातून दमवत, आणि कान कुठल्या उशीवर ठेवले म्हणजे उतार पडतो हे मला अजून कळलेलं नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोच्या आईचे धाकटे भाऊ. बिनलग्नाचे. तळकोकणातल्या एका आडगावातून पोरवयात मुंबईत आले, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात मागावर चिकटले आणि डोक्यावरचे केस जाईपर्यंत तिथेच राहिले. मग संप झाला, संप लांबला, गिरणीचा भोंगा बंद पडला तो पडलाच, आणि एके दिवशी मामा "चार दीस बायकडे ऱ्हवतंय" असं शेजाऱ्यांना सांगून आमच्या वाकोल्याच्या खोलीत आले. बाय म्हणजे माझी बायको. बरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि हातात एक कंदील. आमच्याकडे वीज आहे हे त्यांना ठाऊक होतं. पण दिवा लागल्याशिवाय गोष्ट सांगायची नाही असा त्यांच्या घराण्याचा रिवाज होता, आणि ट्यूबलाइटला दिवा म्हणायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. तेव्हापासून रोज जेवणं आटपली की आमची ट्यूब बंद व्हायची आणि कंदील लागायचा. शेजारच्या आंटी सुरुवातीला रोज दारात येऊन, "फ्यूज गेला काय रे तुमचा?" असं विचारून जायच्या. रॉकेलच्या वासाने बायकोचं डोकं उठायचं. चार दिवस काही संपले नाहीत.

त्यांच्या गावाकडे गोष्टीला काणी म्हणतात. काणीला मामांच्या मते दोनच माणसं लागतात, एक सांगणारा आणि एक हुंकार देणारा. बाकीचे नुसते बसलेले. सांगणाऱ्याचं वाक्य खाली टेकलं की दुसऱ्याने "हूं" म्हणायचं, मग सांगणाऱ्याने पुढचं वाक्य उचलायचं. हुंकार आला नाही तर काणी जागच्या जागी थांबते, आणि थांबलेली काणी हा मामांच्या लेखी फार मोठा अपराध होता. "काणी अर्धी सोडली तर त्येतली माणसां थंयच उभी ऱ्हवतत, जावयबापू," ते मला बजावत. "तुम्ही जातलास जेवान झोपाक. तेंका कोण घराक न्हेतलो?" या काण्या त्यांच्या घराण्यात बापाकडून मुलाकडे जात नाहीत, मामाकडून भाच्याकडे जातात, कारण मे महिन्यात पोरं आजोळी येतात आणि तिथे त्यांना आवरायला मामाच मोकळा असतो. आमच्या मामांना भाचा नव्हता, एकुलती एक भाची होती. ती लहानपणापासून हे ऐकून विटलेली. मामा आले त्या पहिल्याच रात्री तिने "मला ओटा आवरायचाय" असं म्हणून घराण्याचा सगळा वारसा माझ्या गळ्यात घातला आणि ती पडद्यामागे गेली.

हुंकार देणं सोपं असेल असं ज्यांना वाटतं त्यांनी तो मामांना देऊन पाहायला हवा होता. उशिरा आलेला हुंकार चालत नसे. मग ते अख्खं वाक्य पुन्हा सांगत. लवकर आलेला तर मुळीच चालत नसे, कारण त्याचा अर्थ माणूस ऐकत नाही, टोलवतो आहे. तोंडात सुपारी असताना दिलेला हुंकार बाद. एकदा आमच्याकडे जेवायला आलेल्या एका पाहुण्याला मी मोठ्या आशेने माझ्या जागी बसवला, तर मामा तिसऱ्याच वाक्याला थांबले आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो हुंकार न्हय, ह्यो ढेकर." रात्रपाळीला साच्यांच्या खडखडाटात त्यांनी वर्षानुवर्षं काण्या सांगितल्या होत्या. तिथे कानाला काही ऐकू येत नाही म्हणून ते समोरच्याच्या गळ्याकडे बघून हुंकार ओळखत, आणि ती सवय राहिली. ते माझ्या कंठावर नजर लावून बसत आणि मी घोट गिळायलाही कचरत असे. हळूहळू हुंकार माझ्या अंगवळणी पडला, तो इतका की आमचे मोठे साहेब मला केबिनमध्ये बोलावून, इंदूरचे पंखे नागपूरला कसे गेले याबद्दल झाडत होते तेव्हा त्यांचं एकेक वाक्य टेकलं की माझ्या तोंडून आपोआप "हूं" बाहेर पडू लागलं. पहिल्या हुंकाराला साहेब चमकले. पुढच्यांना त्यांचा आवाज खाली येत गेला, आणि थोड्या वेळाने पंखे राहिले बाजूला, ते त्यांच्या सासुरवाडीने त्यांना कसं वागवलं ते सांगू लागले. त्यांचं घरी कोणी ऐकत नसावं. त्यानंतर ते मला अधूनमधून विनाकारण बोलावून घेत, आणि मी दोन्हीकडून दमू लागलो.

दिवसा मात्र मामांच्या तोंडून काणीचा एक शब्द निघत नसे. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती आपल्याला पोरांचा दिवसभराचा लकडा चुकवण्याची युक्ती वाटते, पण आमचे मामा स्वतःच मामा असल्यामुळे तिच्याकडे फार गंभीरपणे बघत. रविवारच्या दुपारी मी एकदा म्हटलं, "मामा, आत्ता सांगून टाका, म्हणजे रात्री मला झोपता येईल." त्यावर ते दुखावून म्हणाले, "आणि मी चुकलंय तर? सोधूक तुम्ही येतलास?" पुढे रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका सुरू झाली आणि सगळी चाळ आंटींच्या खोलीत दाटीवाटीने बसू लागली, तेव्हा मामा हतबुद्ध झाले. "भर दिवसा काणी! देशातले सगळे मामा आज वाट चुकतले." ते गॅलरीत पाठ करून बसत आणि त्या पेटीकडे ढुंकून बघत नसत. पण जन्माची सवय. आतलं वाक्य टेकलं की बाहेरून "हूं" येई. त्यांचं खरं दुःख वेगळंच होतं. "तो डबो हुंकाराक थांबणा नाय," ते मला म्हणाले. "आयकणारो आसलो काय, नसलो काय, तेका सारख्यांच."

काण्या त्यांच्याकडे पुष्कळ होत्या, पण त्यांच्या मते खरी एकच, वाटेची काणी. हे कुळ समुद्राकाठी कसं आलं त्याची ती गोष्ट. घाटमाथ्यावर दुष्काळ पडतो, एका माणसाची बहीण तापाने जाते, तिची दोन पोरं मागे राहतात. पोरांचा मामा मुलीला खांद्यावर घेतो, मुलाला बोटाला धरतो आणि समुद्राच्या दिशेने चालू लागतो, कारण समुद्राकाठी कोणी उपाशी मरत नाही असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. बस, एवढंच. पण वाटेत मुक्काम आहेत, आणि प्रत्येक मुक्कामावर कोणीतरी भेटतं, कुठे गुराखी, कुठे म्हातारी, कुठे झाडावरचं भूत, आणि ते विचारतं, "खंयसून इलास? खंय चल्लास?" की काणीतला मामा पहिल्यापासून सगळी वाट सांगतो. उंबराच्या पाण्यावर, म्हणजे पहिल्या मुक्कामावर, हे उत्तर दोन वाक्यांचं असतं. पालथ्या शिळेवर त्यात उंबराचं पाणी येतं. पुढे म्हशीच्या कोंडीवर पोचलं की उंबराचं पाणी, पालथी शिळा, तिथे कोण भेटलं, त्याने काय विचारलं, मामाने काय सांगितलं, सगळं साग्रसंगीत येतं, आणि त्यापुढे घाटाची बारा वाकणं आणि मोठी नदी शिल्लकच असते. कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह. तिथे हिरवं पाणी होतं, दाट सावली होती, गळ्याइतक्या पाण्यात म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या. दिवसभर खोक्यांमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला त्या म्हशींचा किती हेवा वाटत असेल ते सांगून कळणार नाही. मी रोज तिथे झोपत असे.

झोपेतसुद्धा मी वेळेवर हुंकार द्यायला शिकलो होतो, आणि मामांना ते कळत नसे असं मुळीच नाही. झोपलेला असला तरी हुंकार तो हुंकार, एवढ्यावर ते काणी शेवटाला नेत आणि मगच कंदील मालवत. शेवट काय आहे हे मला माहीत नव्हतं. एकदा बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय माहीत? मीही म्हशीच्या कोंडीवरच झोपायचे. आई पण." म्हणजे त्या कुळात शेवट ऐकलेलं माणूस एकटे मामा, आणि त्यांनाही त्यांच्या मामाने डोळ्यासमोर कांद्याची फोड धरून जागं ठेवलं होतं म्हणे. नुसता शेवट सांगा म्हटलं तर ते मान हलवत. "शेवट सुटो सांगनत नाय. थंयसर चलान जावचा लागता."

चालण्याचं हे वेड त्यांना वाकोल्यातही सुटलं नव्हतं. रस्त्यात कोणी साधं रेशनचं दुकान विचारलं तरी ते त्या माणसाला मनाने आधी हायवेवर नेऊन उभं करत आणि तिथून, प्रत्येक वळणावर मागची सगळी वळणं पुन्हा सांगत, पुढे आणत. विचारणारा तोवर दुसऱ्या कोणाला तरी विचारून, रॉकेल घेऊन परत येताना दिसे. रिक्षात बसले की मग तर विचारायलाच नको. रिक्षावाल्याने "किधर जाना है?" असं विचारायचा अवकाश, मामा चालू. एका रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं, हँडलवर कोपर टेकले आणि सगळं ऐकून घेतलं. मग तो मला हळूच म्हणाला, "साहब, इतने में तो पहुँच जाते." शेजारच्या आंटी तेवढ्या मामांचं तासन्‌तास ऐकून घेत आणि अगदी अचूक हुंकार देत. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं हे मामांना बऱ्याच वर्षांनी समजलं, तरी त्यांनी आंटींचं नाव चांगल्या हुंकाऱ्यांतून काढलं नाही.

असं सगळं चाललं होतं आणि असंच चालत राहणार असं मी धरून चाललो होतो. मग एका रात्री मी नेहमीसारखा झोपेत हुंकार देत असताना दचकून जागा झालो. काय झालं ते आधी कळेना. कंदील होता, मामा होते, म्हशी पाण्यात बसल्या होत्या. मग लक्षात आलं की मामा उंबराच्या पाण्यावरून थेट कोंडीवर आले होते. पालथी शिळा आलीच नव्हती. मी म्हटलं, "मामा, शिळा राहिली." "राहली?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली ती मी त्यांच्या कुठल्याही भुताच्या काणीत पाहिली नव्हती. त्या रात्री ते पुन्हा पहिल्यापासून चालले. मी झोपलो नाही, पण त्यांचा आवाज इतका दमलेला होता की मीच अर्ध्यावर "उद्या सांगा" म्हटलं, आणि मामांनी चक्क ऐकलं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत कारखान्याच्या गेटवरून निरोप आला की तुमचा कोणी म्हातारा इथे बसला आहे. मी धावत गेलो. मामा सकाळी मासळी आणायला वाकोल्याच्या बाजारात गेले होते, ते हातातली पिशवी सावरत हायवेने चालत चालत अंधेरीपर्यंत आले होते. चपलेचा अंगठा तुटलेला, तोंड उन्हाने काळवंडलेलं. गेटवरच्या भैयाने त्यांना स्टुलावर बसवून पाणी दिलं होतं आणि कोणीही विचारेल तेच विचारलं होतं, "कहाँ से आये हो बाबा? कहाँ जाना है?" झालं. मामांनी त्याला घाटमाथ्यापासून सुरुवात करून पालथ्या शिळेपर्यंत आणलं होतं. भैयाला शब्द कळत नव्हते, पण तोही गावचाच, तो जिथल्या तिथे "हाँ… फिर?" म्हणत ऐकत होता. बोलता बोलता माझं नाव आलं म्हणून त्याने निरोप धाडला. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "बुरा मत मानना साहब. हमारे गाँव में दिन में कहानी नहीं कहते. मामा रास्ता भूल जाते हैं." मी म्हटलं, "हमारे में भी." मामा रिक्षात माझ्या शेजारी ताठ बसले होते. "मी चुकाक नाय," ते म्हणाले. "वाट खंय गेली ता बघी होतंय." घरी येईपर्यंत त्यांनी रिक्षावाल्याला एकही वळण सांगितलं नाही, आणि ते मला फार लागलं.

डॉक्टरांनी वय झालं एवढंच सांगितलं. बायको त्या दिवशी गॅसपाशी उभी राहून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, ते विसरायच्या आत शेवट ऐकून घ्या. आईला माहीत नव्हता, मला माहीत नाही. मामांबरोबर गेला की गेला." आयुष्यभर पडद्यामागे जाणारी ती, पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनेच तयारी केली. आम्ही दोघं दुपारी ठरवून झोपलो, संध्याकाळी कोरा चहा प्यालो, आणि बशीत कांद्याच्या फोडी घेऊन कंदिलासमोर बसलो. मामांना भाची हुंकाराला बसलेली बघून काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांनी काच दोनदा पुसली. त्या रात्री ते फार सुंदर चालले. शिळा आली, कोंड आली, म्हशी आल्या आणि आम्ही जागे होतो. बारा वाकणं मी त्या दिवशी पहिल्यांदा जागेपणी ऐकली, आणि प्रत्येक वाकणावर खालचा समुद्र थोडा थोडा वर येत होता. मग मोठी नदी आली. नदीला पाणी चढलेलं, होडी पलीकडच्या काठाला, आणि तिकडून होडीवाला ओरडून विचारतो, खंयसून इलास, खंय चल्लास? बायकोने माझा हात घट्ट धरला होता. मामांनी उत्तराला सुरुवात केली, घाटमाथ्यापासून सगळी वाट सांगत नदीपर्यंत आणली आणि थांबले. आम्ही हुंकार दिला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाट सांगितली आणि पुन्हा नदीवर येऊन थांबले. तिसऱ्या खेपेला त्यांचा आवाज बारीक होत होत म्हशीच्या कोंडीवर विरला, आणि मामा बसल्या बसल्या झोपले. आम्ही दोघं टक्क जागे, हातात कांद्याच्या फोडी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं कांद्याचं किती ते सांगणं अवघड होतं.

त्यानंतर मामांनी कंदील लावला नाही. आपल्याला सुटका मिळाली तर किती गाढ झोपू असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं, आणि आता ट्यूबलाइटखाली मला झोप येईना. मामा दिवसभर खाटेवर बसून असत. मात्र दुपार झाली की त्यांना आत कसलीतरी घाई होई. ते पिशवीत पंचा, गूळ, पाण्याची बाटली भरत आणि दाराशी जाऊन कडी चाचपत. बायकोने विचारलं, "मामा, कुठे निघालात?" तर म्हणाले, "पोरां न्हयच्या काठार उभी आसत. काळोख पडात." न्हय म्हणजे नदी. रोज असं होऊ लागलं. त्यांना दाराशी अडवून परत आणताना त्यांच्या दंडाची हाडं हाताला लागत. तिने कितीदा समजावलं की कोणी पोरं नाहीत, आणि तितक्यांदा ते तिच्याकडे असे बघत की जगात इतकं कठोर माणूस असू शकतं यावर त्यांचा विश्वास बसत नसावा.

एका सुट्टीच्या दुपारी मीच घरी होतो. ऊन रणरणत होतं, मामा पिशवी घेऊन दाराशी उभे होते आणि बायको त्यांच्या वाटेत उभी होती. मी म्हटलं, "मामा, बसा. मी सांगतो." बायको दचकून म्हणाली, "अहो, दिवसा?" मी म्हटलं, "वाट चुकायची ती चुकून झाली आहे. आता दिवसाला काय घाबरायचं?" मी खाटेवर बसलो. मामा पिशवी मांडीवर ठेवून समोर बसले. आणि मी घाटमाथ्यापासून सुरुवात केली. मला एवढी काणी येत असेल अशी माझी स्वतःचीही कल्पना नव्हती. झोपेत ऐकलेलं सगळं कुठेतरी साठत गेलं होतं. उंबराच्या पाण्यावरचा गुराखी, शिळेवरची म्हातारी, एकेक माणूस आपल्या जागेवर उभं होतं. पहिलं वाक्य टेकलं आणि समोरून हुंकार आला. लवकर नाही, उशिरा नाही. मामा माझ्या गळ्याकडे बघत होते. एके ठिकाणी मी दमून घोट गिळला तर तेही थांबले. उन्हाच्या तिरिपीत, पिशवी मांडीवर घेतलेला तो म्हातारा माणूस मला मे महिन्यात आजोळी आलेल्या पोरासारखा दिसला.

नदीवर आलो आणि वाट संपली. होडीवाल्याने विचारलं. पुढे मला माहीत नव्हतं. मामा वाट बघत होते, बायको भिंतीला टेकून उभी होती. मी म्हटलं, "मामाचा गळा सुकला होता. त्याच्याच्याने बोलवेना. तेव्हा खांद्यावरच्या मुलीने तोंड उघडलं. ती वरून सगळं ऐकत आली होती. तिने उंबराच्या पाण्यापासून सगळी वाट सांगितली, एक शब्द चुकली नाही. होडीवाल्याने ऐकलं आणि होडी आणली." मामा म्हणाले, "हूं." मी होडी पलीकडे नेली. तिथे एक खोपट होतं, खोपटातल्या बाईने पोरांना गरम पेज वाढली, वर भाजलेला सुका बांगडा दिला. मामांनी विचारलं, "पोरां जेवली?" मी म्हटलं, "जेवली." मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि मामा?" मी फार दमलो होतो. त्या माणसाला आता आणखी कुठे चालायला लावणं माझ्याच्याने होईना. मी म्हटलं, "मामाही जेवला. तिथेच राहिला. माडाखाली त्याने घर बांधलं आणि पोरांजवळच राहिला." यावर हुंकार आला नाही. मामांनी माझ्या गळ्यावरची नजर काढली आणि बाहेर गॅलरीतल्या उन्हाकडे बघितलं. "तसा नाय ता," ते म्हणाले. अगदी स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "पण ऱ्हवांदे." मग कसं आहे, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं, पण बायकोने भिंतीशीच नको म्हणून मान हलवली. मामांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. त्यानंतर ते कधी दाराशी गेले नाहीत, आणि शिमग्याच्या आधी एका पहाटे, पाणी यायच्या वेळेला, झोपेतच गेले.

मामांनी मला फार दमवलं, आणि आता त्यांच्यावाचून मी त्याहून जास्त दमतो. त्यांचा कंदील आमच्याकडेच आहे. मे महिन्यात माझ्या बहिणीची पोरं वाकोल्याला येतात तेव्हा जेवणं झाल्यावर मी ट्यूब बंद करतो आणि तो लावतो. पोरं दिवसाही मागे लागतात, पण मी ऐकत नाही. मीही कोणाचा तरी मामाच आहे. धाकटा हुंकार बरा देतो, थोरली घाई करते. म्हशीच्या कोंडीवर दोघंही झोपतात. पण काणी अर्धी सोडता येत नाही, म्हणून मी झोपलेल्या पोरांना घेऊन बारा वाकणं उतरतो, नदी ओलांडतो, त्यांना पेज वाढतो. तोवर बायको ओटा आवरून येऊन बसलेली असते आणि पोरांच्या वतीने हुंकार देते. मामा तिथेच राहिला, असं मी म्हणतो तेव्हा मात्र ती हुंकार देत नाही, आणि मी मागत नाही. मग ती पोरांच्या अंगावर चादर ओढते आणि मी कंदिलाची वात खाली करतो.